‘ताई’ नावाचे पद : नवी मुंबईतील बालसंरक्षणाचा व्यवसाय

संकटात सापडलेल्या मुलांचे संरक्षण करणे आणि त्यांना दीर्घकाळ सोबत देणे ही दोन्ही कामे मराठी बोलण्यात ‘समाजसेवा’ या एकाच शब्दात गुंडाळली जातात, आणि त्यामुळे ती सवडीने, दयाबुद्धीने व बहुधा बिनपगारी करायची कामे आहेत असा समज घट्ट झालेला आहे. वस्तुतः १९२४ च्या मुंबई बालक अधिनियमापासून २०१५ च्या बाल न्याय अधिनियमापर्यंतच्या वाटचालीत या कामाला पदे, पात्रता, मुदती, विहित नमुने आणि चूक झाल्यास शिक्षा असे व्यवसायाचे सगळे अवयव फुटलेले आहेत. ‘बालसंरक्षण’ या संज्ञेत मुलाला इजा होऊ नये यासाठी आधीच केलेली तजवीज आणि इजा झालीच तर कायद्याने आखून दिलेल्या वाटेने त्याला सुरक्षित जागी नेणे या दोन्ही गोष्टी येतात. तर ‘मार्गदर्शक सोबत’, म्हणजे ज्याला हल्ली सर्रास ‘मेंटॉरिंग’ म्हटले जाते, ती रक्ताचे नाते नसलेल्या जाणत्या व्यक्तीने एका विशिष्ट मुलाशी, ठरलेल्या मर्यादा पाळून, टिकवलेली नियमित गाठभेट असते. संस्थांमधील मुले या व्यक्तीला पदनामाने ओळखत नाहीत. त्यांच्या लेखी ती ‘ताई’, ‘दादा’ किंवा ‘मावशी’ असते. शासकीय कागदावर तीच व्यक्ती ‘क्षेत्रीय कार्यकर्ता’ किंवा ‘काळजीवाहक’ असते. या व्यवसायाची बहुतेक अडचण या दोन नावांमधल्या अंतरात दडलेली आहे.

हा व्यवसाय समजून घेण्यासाठी नवी मुंबईसारखे दुसरे सोयीचे शहर सापडणे कठीण. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनींवर शहर आखले गेले, आणि शाळा, उद्याने, बाजारपेठा व स्थानके यांच्या जागा नकाशावर आधीच ठरवल्या गेल्या. मात्र हे शहर बांधणारे मजूर कोठे राहतील, घाऊक बाजारात ओझी वाहणाऱ्यांची, दगडखाणीत आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत राबणाऱ्यांची मुले दिवसभर कोणाजवळ असतील, याचे उत्तर नकाशात नव्हते. ते डोंगराच्या उतारावर, खाणीच्या कडेला आणि रेल्वेमार्गालगत आपोआप वसत गेले. त्यात प्रशासकीय गुंता असा की शहर बोलण्यात एक असले तरी जिल्हे दोन आहेत. सीबीडी बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, तर पुढचेच स्थानक असलेले खारघर आणि पलीकडचे कळंबोली, कामोठे, पनवेल हे सारे रायगड जिल्ह्यात. पोलीस आयुक्तालय दोन्ही भागांना एकच आहे, परंतु बालसंरक्षणाची यंत्रणा जिल्हावार असल्याने बेलापुरात सापडलेले मूल एका समितीसमोर जाते आणि चार-पाच मिनिटांच्या लोकल प्रवासानंतर सापडलेले मूल दुसऱ्याच समितीसमोर. नवख्या कार्यकर्त्याने या शहरात पहिल्याच आठवड्यात पाठ करण्याची गोष्ट म्हणजे ही सरहद्द होय.

ज्या समितीचा वर उल्लेख आला ती ‘बाल कल्याण समिती’ या क्षेत्राचा कणा आहे. बाल न्याय अधिनियम मुलांचे दोन वर्ग करतो : हरवलेली, सोडून दिलेली, छळ झालेली, भीक मागायला लावलेली किंवा मजुरीस जुंपलेली मुले ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालके’ ठरतात, तर ज्यांच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे अशी मुले ‘विधिसंघर्षग्रस्त बालके’ म्हणून ओळखली जातात. पहिल्या वर्गासाठी बाल कल्याण समिती असते, दुसऱ्यासाठी बाल न्याय मंडळ. पहिल्यांना बालगृहात ठेवता येते, दुसऱ्यांना निरीक्षणगृहात. लोकांच्या तोंडी मात्र दोन्हींसाठी ‘रिमांड होम’ हाच शब्द आहे, आणि कायद्यातून केव्हाच हद्दपार झालेला हा शब्द एखाद्या हरवलेल्या सात वर्षांच्या मुलीलाही आरोपीच्या रांगेत बसवतो, हे तो वापरणाऱ्यांच्या ध्यानीही येत नाही. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक स्त्री असावी लागते, आणि समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. सदस्य होण्यासाठी बालमानसशास्त्र, विधी, समाजकार्य यांसारख्या विषयातील पदवी आणि तिच्या जोडीला मुलांच्या आरोग्य, शिक्षण वा कल्याणाच्या क्षेत्रात सात वर्षांचे सक्रिय काम, किंवा अशा पदवीसह चालू व्यवसाय, अशी अट आहे. म्हणजे हे पद या व्यवसायाच्या सुरुवातीचे नव्हे, मधल्या टप्प्यावरचे आहे.

पनवेलसारख्या मोठ्या स्थानकावर लांब पल्ल्याच्या गाडीतून एकटे उतरलेले मूल रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाला दिसते, किंवा कोणी १०९८ हा क्रमांक फिरवते, तेथून घड्याळ सुरू होते. या मदतवाहिनीचा जन्म १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका क्षेत्रीय प्रकल्पातून, जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने, मुंबईतच झाला; २०२३ पासून ती शासकीय यंत्रणेकडे गेली असून ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली आहे. मूल सापडल्यापासून प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्याला समितीसमोर हजर करावे लागते. हजर करताना नमुना १७ मधील अहवाल द्यायचा, मग समिती नमुना १८ मध्ये निवासाचा आदेश देते, पुढे नमुना २२ मधील सामाजिक तपासणी अहवाल तयार होतो आणि त्यावरून नमुना ७ मधील वैयक्तिक संगोपन आराखडा. सामाजिक तपासणीसाठी साधारण १५ दिवस, आणि अंतिम आदेश मूल पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत यावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. हे आकडे रुक्ष वाटले तरी बालसंरक्षणातील कौशल्य प्रथम येथेच कसोटीला लागते, कारण मुलाचे पुढचे आयुष्य बऱ्याच अंशी त्या नमुना २२ मध्ये काय लिहिले आहे यावर ठरते.

हा सामाजिक तपासणी अहवाल थोडा जवळून पाहण्यासारखा आहे. त्यात कुटुंब, घर, उत्पन्न, शाळा, आजार, सवयी आणि मूल घर सोडण्याचे कारण असे रकाने असतात, आणि अननुभवी हात त्यांत ‘वडील व्यसनी, आई निष्काळजी, घरचे वातावरण असमाधानकारक’ असे लिहून मोकळा होतो. हे वाक्य कोणत्याही मुलाला लागू पडते, म्हणूनच ते कोणत्याही मुलाच्या उपयोगाचे नाही. तीच गृहभेट जाणत्या कार्यकर्त्याने केली तर अहवालात येते की घर दहा बाय दहाचे असून त्यात सहा माणसे झोपतात, आई पहाटे चारला भाजीबाजारात निवडणीच्या कामाला जाते आणि दुपारी परतते, त्या वेळेत धाकटे भावंड सांभाळण्यासाठी मुलाची शाळा सुटली, शेजारीण जेवण देते पण रात्री थांबू शकत नाही. पहिला अहवाल वाचून समिती मुलाला बालगृहात पाठवील. दुसरा वाचून ती आईला अर्थसाहाय्य, धाकट्याला अंगणवाडी किंवा पाळणाघर आणि मुलाला शाळा असा आदेश देऊ शकेल. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा असे कायद्याचे मूलतत्त्व आहे. त्यासाठीच महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून पात्र मुलाला दरमहा २,२५० रुपये, आणि केंद्राच्या मिशन वात्सल्यमधील प्रायोजकत्वातून दरमहा ४,००० रुपये अशी तरतूद आहे. ही तरतूद मुलापर्यंत पोहोचते की नाही, हे रकान्यात एक विशेषण लिहिले जाते की एक निरीक्षण, यावर पुष्कळदा अवलंबून असते.

या व्यवसायाने स्वतःची रीत कशी घडवली याचे ठळक उदाहरण नवी मुंबईत तुर्भ्याला पाहायला मिळते, जरी त्याची सुरुवात मुंबईत झाली. प्रीती पाटकर व प्रवीण पाटकर यांनी १९८६ मध्ये कामाठीपुऱ्यात सुरू केलेल्या ‘प्रेरणा’ या संस्थेपुढे प्रश्न असा होता की वेश्यावस्तीतील स्त्रियांची मुले दिवसा कशीबशी शाळेत जातात, परंतु आईचा धंदा रात्रीचा असल्याने नेमकी रात्रच त्यांना रस्त्यावर किंवा खाटेखाली काढावी लागते, आणि दलालांची नजर मुलींवर पडते ती याच वेळी. पाळणाघर दिवसा चालते हे सर्वांनी गृहीत धरलेले होते. १९८८ मध्ये ‘प्रेरणा’ने ते रात्री चालवायला घेतले. या रात्र निवारा केंद्रात मूल संध्याकाळी येते, जेवते, अभ्यास करते, झोपते आणि सकाळी आईकडे किंवा शाळेकडे जाते. मूल आईपासून तोडलेले नसते, आणि आईच्या धंद्याची सावलीही त्याच्यावर पडत नाही. आईचा व्यवसाय मुलीकडे ‘वारसा’ म्हणून जाण्याच्या प्रक्रियेला ‘दुसऱ्या पिढीची तस्करी’ म्हणतात, आणि ती रोखण्याचे हे साधन कामाठीपुरा, फॉकलंड रोड आणि तुर्भे येथे उभे राहिले. खारघरमध्ये याच संस्थेचे ‘नौनिहाल’ हे मुलींचे बालगृहही आहे. मुलाच्या दिवसाचे चोवीस तास कागदावर मांडून धोका कोणत्या तासाला आहे हे शोधणे आणि सेवा त्याच तासाला उभी करणे, ही या कामाची खरी पद्धत म्हणावी लागेल. बाकी बरेचसे काम कार्यालयीन वेळेत चालते, हे येथे नोंदवून पुढे गेलेले बरे.

याच संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००२ मध्ये दिलेला निकाल या क्षेत्रातील प्रत्येक अभ्यासक्रमात शिकवला जातो. कुंटणखान्यातून सोडवलेली व्यक्ती १८ वर्षांखालील असेल तर ती आरोपी नव्हे, काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक होय, आणि तिच्याबाबतचा निर्णय दंडाधिकाऱ्याने न घेता बाल कल्याण समितीने घ्यावा, असे त्यातून पक्के झाले. परिणामी छाप्यानंतरची पहिली महत्त्वाची बाब वयनिश्चिती ठरली. आजच्या कायद्यात त्याचा क्रमही दिलेला आहे : प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा माध्यमिक परीक्षेचे प्रमाणपत्र, ते नसल्यास महापालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसल्यासच हाडांची वैद्यकीय तपासणी. दूरच्या राज्यातील एखाद्या प्राथमिक शाळेच्या जुन्या नोंदवहीतील एक ओळ मिळवण्यासाठी कार्यकर्त्याने केलेले फोन, पाठवलेली पत्रे आणि घातलेल्या खेपा यांतून एखाद्या मुलीचे ‘बालक’ असणे सिद्ध होते.

२०१२ च्या लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियमाने, म्हणजे ‘पोक्सो’ने, आणखी एक भूमिका निर्माण केली. त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरला अमलात आलेल्या या कायद्यानुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक वा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता नोंदवायचा असतो. साक्ष देताना आरोपी मुलाच्या दृष्टीस पडू नये, आणि मुलाला वारंवार न्यायालयात बोलावू नये, अशी दक्षता घ्यायची असते. या सगळ्या वाटेवर मुलाबरोबर राहणाऱ्याला ‘सपोर्ट पर्सन’ अर्थात आधार व्यक्ती म्हणतात. तिची नेमणूक बाल कल्याण समिती करते, आणि २०२० च्या नियमांनुसार तिचे मानधन कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी असू नये. आधार व्यक्ती वकील नसते आणि पोलीसही नसते; तारीख केव्हा आहे, न्यायालयात कोण कोठे बसते, उत्तर आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणणे चालते, नुकसानभरपाईचा अर्ज कोठे करायचा, अशा गोष्टी ती मुलाला व पालकांना त्यांच्या भाषेत सांगते.

या भूमिकेतला सर्वांत नाजूक क्षण बहुधा एका प्रश्नाच्या रूपात येतो. बऱ्याच भेटींनंतर धीर आलेले मूल विचारते, “ताई, तुला एक सांगितलं तर तू कुणाला सांगणार नाहीस ना?” मायेने दिलेले ‘नाही सांगणार’ हे उत्तर येथे चुकीचेच ठरते, कारण पोक्सोच्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे, आणि न कळवल्यास शिक्षा आहे. प्रशिक्षित व्यक्ती आधीच सांगते की तुला सुरक्षित ठेवण्यासाठी काही माणसांना सांगावे लागेल, पण कोणाला व केव्हा सांगणार हे तुला कळल्याशिवाय काही होणार नाही. यामुळे मूल त्या दिवशी गप्प बसण्याचीही शक्यता असते. तरीही पाळता न येणारे वचन न देणे हेच योग्य, कारण या मुलांना मोडलेल्या वचनांचा अनुभव इतरांपेक्षा पुष्कळ जास्त असतो.

सोबतीचे महत्त्व केवळ भावनिक नाही, हे संशोधनाने दाखवलेले आहे. एमी वर्नर यांनी हवाई बेटांतील काउआई येथे १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला, तेव्हा अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत वाढलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले समर्थ प्रौढ झाली असे आढळले, आणि त्यांच्या आयुष्यात आढळलेल्या समान गोष्टींपैकी एक म्हणजे सतत उपलब्ध असलेले, पालक असो वा नसो, असे एखादे मोठे माणूस. परंतु नवख्या स्वयंसेवकांनी त्याहून अधिक लक्ष द्यावे असा निष्कर्ष जीन ग्रॉसमन व जीन ऱ्होड्स यांच्या २००२ मधील अभ्यासाचा आहे. अमेरिकेतील ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या मार्गदर्शक योजनेतील किशोरवयीनांची माहिती तपासताना त्यांना दिसले की वर्षभर वा अधिक टिकलेल्या जोड्यांतील मुलांना सर्वाधिक लाभ झाला, तर तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतील मुलांचा आत्मसन्मान घसरला. अर्थात अर्ध्यावर सोडलेली सोबत निरुपयोगी असते एवढेच नव्हे, ती अपाय करते. दिवाळीत फराळ व कपडे घेऊन बालगृहात येणारा आणि छायाचित्रे काढून परत न फिरकणारा हितचिंतक या कसोटीवर कोठे बसतो, हे सांगायला नको. शिवाय मुलाची ओळख उघड होईल असे छायाचित्र प्रसिद्ध करणे बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार गुन्हाही आहे.

आता ज्यांना हे काम पोटापाण्यासाठी करायचे आहे त्यांच्यासमोरचे वास्तव. पायाभूत पात्रता म्हणून समाजकार्यातील पदवी वा पदव्युत्तर पदवी (बीएसडब्ल्यू, एमएसडब्ल्यू), मानसशास्त्र, विधी किंवा मानवविकास हे विषय चालतात. वाशीची खाडी ओलांडली की देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे, १९३६ मध्ये सुरू झालेली व देशातील समाजकार्याच्या शिक्षणाची गंगोत्री मानली जाणारी. चर्चगेटला १९५५ पासूनचे निर्मला निकेतन आहे, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था. दिव्यांग मुलांसोबत काम करू इच्छिणाऱ्यांना शहर सोडण्याचीही गरज नाही : वाशीत महापालिकेचे ईटीसी केंद्र आणि खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. बदलापूरच्या शाळेतील ऑगस्ट २०२४ मधील लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणानंतर शाळांतील समुपदेशक आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समित्यांकडेही पालकांचे लक्ष वळले आहे.

शासकीय जिल्हा बाल संरक्षण कक्षातील पदे मिशन वात्सल्यखाली मंजूर असून त्यांचे मासिक मानधन मार्गदर्शक सूचनांत दिलेले आहे : जिल्हा बाल संरक्षण अधिकारी ४४,०२३ रुपये, संरक्षण अधिकारी आणि विधी तथा परिविक्षा अधिकारी २७,८०४, समुपदेशक व सामाजिक कार्यकर्ता १८,५३६, आणि वस्त्यांमध्ये प्रत्यक्ष फिरणारा क्षेत्रीय कार्यकर्ता १०,५९२. ही पदे कंत्राटी आहेत. परिविक्षा अधिकारी किंवा काळजीवाहक यांसारखी नियमित पदे महिला व बालविकास आयुक्तालय स्पर्धा परीक्षेतून भरते, पण त्यांची संख्या मर्यादित असते आणि जाहिराती वर्षानुवर्षे येत नाहीत. वरील आकड्यांची उतरंड नीट वाचली तर ध्यानात येते की मुलाच्या जितके जवळ जावे तितके मानधन घटत जाते. ज्याच्या बदलण्याने मुलाचे सर्वाधिक नुकसान होते त्यालाच टिकून राहणे सर्वांत कमी परवडते. खोपोली किंवा कर्जतहून लोकलने येऊन दिघ्याच्या वा तुर्भ्याच्या वस्तीत फिरणाऱ्या क्षेत्रीय कार्यकर्तीला दुसरीकडे तीन हजार जास्त मिळाले की ती जाते, आणि त्याबद्दल तिला दोष देता येत नाही; मुलाला मात्र पुन्हा पहिल्यापासून आपली कहाणी सांगावी लागते.

टिकून राहण्याबरोबरच येथे मर्यादाही शिकाव्या लागतात, आणि त्यामागे कटू इतिहास आहे. २०११ मध्ये पनवेलजवळ कळंबोली येथील मतिमंद मुलींच्या एका निवासी संस्थेत चाललेले लैंगिक अत्याचार उघडकीस आले आणि २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने संस्थाचालकासह अन्य काही आरोपींना दोषी ठरवले. ज्या मुली घडलेले शब्दांत सांगू शकत नव्हत्या, त्यांच्यावरच रक्षकांनी हात टाकला होता. आज मुलांची निवासी संस्था नोंदणीशिवाय चालवणे बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४२ खाली दंडनीय आहे, मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी पोक्सोच्या २०२० च्या नियमांनी सक्तीची आहे, आणि संस्थेला लेखी बालसंरक्षण धोरण ठेवावे लागते. मुलाशी बंद दाराआड एकटे न बसणे, खासगी मोबाइलवरून रात्री संदेश न पाठवणे, एकट्यालाच भेटवस्तू न देणे, मुलाला स्वतःच्या घरी मुक्कामाला न नेणे, असे त्यातील नियम प्रेमळ स्वयंसेवकाला सुरुवातीला अपमानास्पद वाटतात. परंतु नियम माणूस पाहून लावले तर ते नेमके त्या माणसाला लागू होत नाहीत ज्याच्यासाठी ते केलेले असतात.

अठरा वर्षे पूर्ण झाली की मूल कायद्याने बालक राहत नाही. त्यानंतरच्या टप्प्याला ‘अनुरक्षण’ म्हणतात. २१ वर्षांपर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत २३ पर्यंत, निवास, शिक्षण वा अर्थसाहाय्य देता येते. याच वयात कागदपत्रे मागितली जाऊ लागतात : भाड्याच्या खोलीसाठी जामीनदार, महाविद्यालयासाठी अधिवास दाखला, नोकरीसाठी जातीचा दाखला, आणि ज्याला आईवडिलांचा पत्ताच नाही त्याच्याकडे यांतले काहीच नसते. गोव्यातील अनाथालयात वाढलेल्या एका तरुणीने स्पर्धा परीक्षेच्या निकालानंतर केलेल्या पाठपुराव्यातून महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षण व शासकीय नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षण लागू केले. त्याचा लाभ घेण्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागते, आणि ते देताना मूल कोठे सापडले, नातेवाइकांचा शोध कोणी व कसा घेतला, समितीने कोणता आदेश दिला, हे जुन्या कागदांवरून पाहिले जाते. दहा-बारा वर्षांपूर्वी कोणा कंत्राटी कार्यकर्तीने हाताने भरलेला नमुना २२ तेव्हा फाइलमधून पुन्हा बाहेर निघतो.